घरचं ताजं, पोटभर जेवण मिळत असताना संतुलित आहाराचा वेगळा विचार करायची खरंच गरज आहे का?

तुम्ही लिहिलंय की घरी दोन्ही वेळा वरण-भात-भाजी-पोळी होते, बाहेरचं फारसं कुणी खात नाही, मग हे संतुलित आहाराचं खूळ कशासाठी. खाली दोघांनी "आपल्या आज्या काय कॅलरी मोजत होत्या का" असं लिहून तुमची पाठ थोपटलीय. मी इथे वाचते, लिहीत सहसा नाही. पण हे वाक्य मी आमच्या घरात इतकी वर्षं ऐकलंय की आज राहवलं नाही.

तर उत्तर : हो, गरज आहे. जेवण घरचं असलं तरी आहे, शुद्ध तुपातलं असलं तरी आहे. तुम्ही घरात कितव्या पंगतीला बसता ते मात्र प्रश्नात लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

आम्ही इंदूरचे. सासर रामबागेतलं, जुनं एकत्र कुटुंब. सासरे, सासूबाई, थोरले दीर-जाऊबाई, आम्ही दोघं आणि मुलं. खाण्यापिण्याची ददात कधीच नव्हती. पोळीला शरबती गहू, साय विरजून घरी काढलेलं तूप, थंडीत गराडू (तळलेला कंद), रविवारी पोहे-जिलबी ठरलेली. पाहुणा आला की त्याला रात्री सराफ्यात (इथला रात्रीचा खाऊबाजार) फिरवून आणल्याशिवाय आमच्या दादांना (थोरले दीर) चैन पडत नसे. अशा घरात सासूबाईंना जिना चढताना धाप लागायला लागली. गच्चीवर वाळवण घालायला जायच्या तर मधल्या पायरीवर कठड्याला धरून उभ्या राहायच्या. विचारलं की म्हणायच्या, "काही नाही गं, वय झालं."

आणखी एक होतं. दुपारी सगळं आवरलं की त्या कोठीच्या खोलीत जायच्या, तांदळाच्या डब्यातून मूठभर कच्चे तांदूळ पदरात घ्यायच्या आणि खिडकीशी उभ्या राहून चावायच्या. जुना, कणीचा तांदूळ जास्त आवडायचा. कुरूमकुरूम आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत यायचा. दादा म्हणायचे, "आईच्या लग्नात अक्षता कमी पडल्या होत्या वाटतं, आता वसूल करतेय." सगळे हसायचे, त्याही हसायच्या.

नेहमीच्या डॉक्टरांनी न तपासताच वयावर ढकललं आणि ताकदीचं सिरप लिहून दिलं. बाटल्यांवर बाटल्या संपल्या, धाप तिथेच. मग माझ्या बहिणीच्या ओळखीतल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे मी त्यांना घेऊन गेले. तिने डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, मग हाताची नखं पाहिली. नखं मधे दबून खोलगट झाली होती, रोज पोळ्या वाढून घेताना समोर दिसणारी नखं, पण कुणाच्या लक्षात येणार? आणि मग अगदी सहज विचारलं, "आंटीजी, कच्चे चावल, मिट्टी, चॉक, ऐसा कुछ खाने का मन करता है क्या?" सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं जणू मीच चुगली केली होती.

हिमोग्लोबिन आलं ६.९. बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, आठच्या खाली तीव्र. लोह कमी पडलं की काहींना असं अखाद्य खावंसं वाटतं, माती, पाटीवरची पेन्सिल, बर्फ, कच्चे तांदूळ. ज्याला आम्ही इतकी वर्षं हौस म्हणत होतो ते दुखणं होतं.

आता खरा तमाशा सुरू झाला. पुण्याहून वन्संचा फोन : "आईला नीट जेवायला घालता ना गं?" दादा म्हणाले, "आपल्या घरात खायला कमी? शक्यच नाही. लॅब बदला." लॅब बदलली. आकडा तोच.

वन्संचं बोलणं मला लागलं, खोटं कशाला बोलू. म्हणून मी सासूबाईंच्या ताटाकडे बघायला लागले. नुसतं बघायला. सगळ्यांची जेवणं झाल्यावर, ओटा पुसून झाल्यावर त्या बसायच्या. दोन पोळ्या. कढईच्या कडेला चिकटलेली भाजी पोळीनेच पुसून घेतलेली. वरण तळाला उरलेलं, ते पुरावं म्हणून त्यात गरम पाणी ओतलेलं, वाटीत नुसती पिवळी धार. कोशिंबीर संपलेली, दह्याचं भांडं मुलांनी चाटून ठेवलेलं. मग लिंबाचं लोणचं. आणि शेवटचा घास तोंडात असतानाच गॅसवर चहाचं आधण. सोमवार, एकादशी, संकष्टी धरायच्या, त्या दिवशी साबुदाणा. भाजी त्यांनीच निवडलेली, कोथिंबीर त्यांनीच धुतलेली, ताटात मात्र येत नव्हती. याला कुणी त्यांना उपाशी ठेवलं असं म्हणता येणार नाही. पोट रोज भरत होतं. गव्हाने आणि चहाने.

आमच्या स्वयंपाकघरात सगळं होतं, सासूबाईंच्या ताटात नव्हतं. घरात काय शिजतं यावरून कुणाचाही आहार ठरत नाही, हे मी तेव्हापासून कुणाशीही भांडून सांगायला तयार असते.

बरं, शरीराला काय लागतं ते बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये भारतीयांसाठी जे प्रमाण दिलंय त्यात पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह धरलंय आणि पाळी येणाऱ्या बाईला २९. म्हणजे जिला जास्त हवं तीच शेवटी बसते आणि तळाचं खाते. पाळी थांबली की गरज उतरते, पण तोवर पंचवीस-तीस वर्षं आणि बाळंतपणं असा हिशेब तुंबलेला असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के. दोघांची चूल एकच ना?

त्यात शाकाहारातलं लोह अंगी लागायला नखरेल. जेवणावर लगेच चहा घेतला की त्यातलं टॅनिन ते अडवतं, आणि लिंबू, आवळा, पेरू असं सी जीवनसत्त्व असलेलं काही सोबत असलं की जास्त शोषलं जातं. लिंबाचं लोणचं पुष्कळ खाऊन ही भरपाई होत नाही, त्यात मीठच जास्त. प्रोटीनचंही तसंच. साधारण ५५ किलोच्या बाईला दिवसाला ४५-४६ ग्रॅम लागतं. हिमोग्लोबिन हे स्वतःच एक प्रोटीन आहे, म्हणजे नुसतं लोह ओतून भागत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, खिचडीत जे काही सत्त्व आहे ते दाण्याच्या कुटाचं. सराफ्यात मिळणाऱ्या खिचडीत तर वर फरियाळी (उपासाचा) चिवडा आणि जिरावण मसाला, चवीला स्वर्ग, उपासाला माझा नमस्कार. उपास करायचाच तर राजगिरा का नाही? त्यात १३-१४ टक्के प्रोटीन असतं.

तुमचा आज्यांचा मुद्दाही याच्यात आला. आज्या कॅलरी मोजत नव्हत्या हे खरं. त्या धापा टाकत होत्या आणि कुणी मोजत नव्हतं, हेही खरं.

मी एकच नियम काढला. सगळी ताटं एकदम वाढायची, सासूबाईंचं धरून, आणि पोळ्या आधी करून डब्यात ठेवायच्या. घरात भूकंप. "गरम पोळी तव्यावरून ताटात" ही आमच्या घराण्याची शान. दादा म्हणाले, "हॉटेल केलंय." सासऱ्यांनी एक शब्द न बोलता डब्यातली पोळी खाल्ली, त्यामुळे पुढे कुणाचं चाललं नाही. सासूबाईंना बसवणं सगळ्यात अवघड. एक गुडघा उभा करून, पाटाच्या टोकावर, अशा बसायच्या की कुणी पाणी मागितलं तर पटकन उठता यावं. जेवणानंतरचा चहा तासाभराने पुढे ढकलला त्यावरून त्या माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. सियागंजातून राजगिरा, फुटाणे, मटकी आणायला लागले. मोड आलेली उसळ आठवड्यातून तीन-चारदा, वर लिंबू पिळून.

दादांनी दुसरीकडून आघाडी उघडली. रोज पाच भिजवलेले बदाम. शिवाय बीट आणि डाळिंबाचा रस, "लाल आहे, रक्त वाढवतो." पाच बदामांत जेमतेम सव्वा ग्रॅम प्रोटीन असतं हो. त्यापेक्षा वाटीभर घट्ट वरणात पाचपट मिळतं आणि त्यासाठी काजू-बदामवाल्याकडे उधारी करावी लागत नाही. बिटाच्या रंगाचा आणि रक्ताचा काही संबंध नाही, शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं, डाळिंबात त्याहून कमी. खा, चांगलं आहे, पण औषध म्हणून पाजू नका. आणि ते प्रोटीन पावडरचे डबे : डाळ, दूध, दाणे परवडणाऱ्या धडधाकट माणसाला ते कशासाठी लागतात हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

दादांच्या स्वतःच्या ताटाचंही सांगते, विषय निघालाच आहे तर. पोह्यांवर शेव, वरणावर शेव, भाजीवर शेव, आणि एक दिवस भाजीच शेव-टमाटर. का? तर "शेव म्हणजे बेसन, बेसन म्हणजे डाळ, डाळ म्हणजे प्रोटीन." इंदुरात हा युक्तिवाद कुठल्याही नाक्यावर मान्य होईल. बी.पी.च्या गोळीला मात्र तो पटलेला नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरीच्या ताटाला दिवसाला धान्य साधारण २५० ग्रॅम, भाज्या ४०० आणि डाळी-कडधान्यं ८५ असा हिशेब दिलाय. आमच्याकडे धान्य आणि भाजीचे आकडे नेमके उलटे होते, आणि तुमच्याकडेही असतील असं मी पैजेवर सांगते. एका बाजूला कमी पडतं म्हणून माणूस आजारी पडतो, दुसऱ्या बाजूला नको ते जास्त होतं म्हणून. दोघंही एकाच घरात जेवतात. वरच्या उत्तरांत कुणी हे लिहिलेलं दिसलं नाही.

बाकीचं थोडक्यात, कारण ते तुम्हाला माहीत असणारच. शाकाहारी असाल तर बी-१२ दूध-दह्यातूनच येतं, डाळी-भाज्यांतून नाही. ते यकृतात साठलेलं असतं, त्यामुळे कमतरता कळायला वर्षं जातात आणि मग पायाला मुंग्या येतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर तेही बी-१२ खाली आणतं. नाचणी कॅल्शियमसाठी. अंडं चालत असेल तर खा, आमच्या घरात त्यावरून जे झालं ते वेगळ्या उत्तरात लिहीन.

तुमच्या प्रश्नाला धरून सांगायचं तर आठवडाभर स्वतःचं ताट बघू नका, घरात सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या माणसाचं बघा. आई असेल, बायको असेल, कामाला येणाऱ्या मावशी असतील. तिच्या वाटीत डाळ किती आणि पाणी किती. दादांचं म्हणणं होतं, "आईला शेवटी बसायलाच आवडतं." आवडतं कसलं? कुणी दुसरं शेवटी बसायला तयार नव्हतं. हे मी त्यांना तोंडावर कधी बोलले नाही, जाऊबाई दुखावल्या असत्या. पण दादांची मुलगी ही साइट वाचते.

सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.८ आलं. जिना एका दमात चढायला लागल्या आणि तांदळाचा डबा आपोआप सुटला, कुणी नको म्हणावं लागलं नाही. दादांनी त्याच संध्याकाळी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं की बदामांनी फरक पडला.

हे सगळं वाचून उद्यापासून उसळ खाऊन ६.९ चे १२ करायला निघू नका. इतकं खाली गेलेलं नुसत्या जेवणाने भरत नाही, सासूबाईंना लोहाच्या गोळ्या होत्या, आणि आकडा सुधारल्यावरही साठा भरावा म्हणून पुढे काही महिने चालू होत्या. त्या चहा-दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नयेत, शौचाला काळं होतं त्याला घाबरू नये. शिवाय पाळी थांबलेल्या बाईचं किंवा कुठल्याही पुरुषाचं लोह इतकं उतरलं तर पोटातून कुठे रक्त जातंय का ते आधी बघतात. आमच्या डॉक्टरीणबाईंनी एंडोस्कोपी (दुर्बिणीने पोटाची तपासणी) केल्याशिवाय आहाराला दोष दिला नव्हता. आणि गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका, थॅलेसेमिया मायनर (रक्तातला एक आनुवंशिक दोष) असलं तरी हिमोग्लोबिन कमी दिसतं पण लोह कमी असेलच असं नाही. सीबीसी (रक्ताची साधी तपासणी) करायला जाल तेव्हा फेरिटिनही (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करायचं का ते डॉक्टरांना विचारा.