बायबलचा अर्थ लावण्याची पद्धत काळानुसार बदलत गेली, मग खरा अर्थ कोणता मानायचा?

पद्धत बदलली, आणि एकदाच नव्हे. पण त्यामुळे वाटेल तो अर्थ काढायला मोकळीक मिळाली, असं मला वाटत नाही. मी वसईचा कॅथलिक, आमच्या पॅरिशच्या बायबल वाचनगटात नेमाने जातो. उदाहरणादाखल बायबलमधलं योना संदेष्ट्याचंच पुस्तक घेतो, अवघे चार अध्याय.

निनवे या शत्रूच्या शहरात जा असं देव सांगतो, योना उलट दिशेच्या जहाजात बसतो, वादळ उठतं, मासा त्याला गिळतो. सुरुवातीच्या ख्रिस्ती वाचकांना माशाच्या पोटातल्या तीन दिवसांत येशूची कबर दिसली. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःच तशी सांगड घालतो. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा धर्मपंडित ओरिजेन शब्दांमागचा आध्यात्मिक अर्थ शोधत होता. पुढे प्राचीन सिरियातल्या अंत्युखिया शहराचे पंडित आधी सरळ अर्थ बघा म्हणू लागले. मध्ययुगात एकाच वचनाचे चार अर्थ लावत: शब्दशः, रूपकात्मक, नैतिक आणि परलोकाविषयीचा. सोळाव्या शतकात धर्मसुधारक मार्टिन लूथरने साध्या अर्थावर भर दिला. एकोणिसाव्या शतकात वेलहाउझेनसारखे जर्मन अभ्यासक विचारू लागले, की हा मजकूर कोणी, कधी लिहिला? आमच्या चर्चने या पद्धतीकडे बराच काळ संशयाने पाहिलं. १९४३ मध्ये पोप पायस बारावे यांनी साहित्यप्रकार (इतिहास, काव्य की बोधकथा) ओळखून वाचायला सांगितलं आणि १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनेही) तेच मांडलं.

साहित्यप्रकार लक्षात घेतला की योनाचा चौथा अध्याय डोळ्यांत भरतो. योना शेवटी निनवेला जातो, पण ते शत्रूचं शहर नाशातून बचावलं म्हणून चिडतो. देव विचारतो, इथे १,२०,००० हून जास्त माणसं आहेत, गुरंढोरं आहेत, त्यांची मला कीव येऊ नये का? मासा खरा होता की नाही यावर भांडत बसलं की नेमकं हेच हातचं जातं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आमच्या गटातल्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या एका मावशींनी खलाशांवर बोट ठेवलं. त्यांनी आधी माल समुद्रात टाकला. योनाने ‘मला फेका’ म्हटल्यावरही ते किनाऱ्याकडे वल्हवत राहिले. "परका असला तरी बोटीवरचा माणूस कोण असा टाकत नाय," मावशी म्हणाल्या. माझं लक्ष तोवर योनावरच होतं.

तेव्हा, कुठलाही अर्थ समोर आला की मी मजकुरात आधार शोधतो. मावशींच्या अर्थाला पहिल्या अध्यायातलं तेरावं वचन आहे. योनाचं नाव घेऊन परक्यांचा द्वेष शिकवणाऱ्याला मात्र चारही अध्यायांत आधार सापडणार नाही.