संपलेलं पुस्तक तिने पुन्हा उघडलं, तर?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. यंदा शाळेने इंग्रजीसाठी एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' ही कादंबरी लावली आहे. एरवी अभ्यासाचं पुस्तक म्हटलं की नाक मुरडणाऱ्या या मुलीने ती दोन-तीन रात्रींत संपवली आणि लगेच पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केली! वर्गात अजून तिसरं प्रकरण चालू आहे. मी चाळून पाहिली, तर टोळ्यांच्या मारामाऱ्या, चाकू, सिगारेटी. परीक्षा तोंडावर असताना तेच पुस्तक परत वाचू द्यावं का? आणि तिला हे इतकं आवडतंय, याची काळजी करावी का?
– एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : ताई, खुशाल वाचू द्या. तुम्ही शेवटापर्यंत पोचला नसाल तरी शेवट सांगून टाकते, कारण तुमचं उत्तर तिथेच आहे.

कादंबरीचा नायक पोनीबॉय चौदा वर्षांचा. आईवडील अपघातात गेलेले, वीस वर्षांचा थोरला भाऊ डॅरी घर चालवतो. दोन मित्र गमावल्यावर पोनीबॉयचं अभ्यासातून लक्ष उडतं. इंग्रजीचे सर म्हणतात, निबंध चांगला लिही, पास करतो; विषय तुझा, लांबीही तुझीच. तो लिहायला बसतो आणि पहिलं वाक्य लिहितो ते थिएटरच्या अंधारातून उन्हात बाहेर येण्याचं. कादंबरीचं पहिलं वाक्य तेच आहे! म्हणजे आपण वाचली ती अख्खी कादंबरी हा त्याचा शाळेचा निबंध. शेवटच्या पानावरून लेखिकाच वाचकाला पहिल्या पानावर धाडते. तुमची लेक तिचं ऐकून परत गेली, एवढंच.

ठाण्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवताना मी हे पुस्तक अनेक मुलांच्या हातात दिलं. पहिल्या खेपेला मुलं पोनीबॉयच्या मित्राचं, जॉनीचं, काय होणार या धास्तीने पानं उलटतात. एका खुनानंतर पळून पडक्या चर्चमध्ये लपलेली ही दोन पोरं जाडजूड कादंबरी वाचतात, सूर्योदय बघतात, पोनीबॉय रॉबर्ट फ्रॉस्टची कविता म्हणतो. तो भाग भराभर मागे पडतो. दुसऱ्यांदा पुढचं सगळं ठाऊक असतं, आणि मुलं नेमकी तिथेच रेंगाळतात. डॅरीचंही तसंच. उशिरा घरी आलेल्या धाकट्याला तो थोबाडीत मारतो, तेव्हा आधी त्याचा राग येतो. दुसऱ्या वाचनात त्या हाताच्या मागे रात्रभर वाट बघितलेला घाबरलेला भाऊ दिसतो. परीक्षेत डॅरीच्या स्वभावावर प्रश्न आला, तर गाईड न उघडता ती लिहील.

आता चाकूबद्दल. विरोधी टोळीतली पोरं पोनीबॉयला कारंज्यात बुडवत असतात, त्याला वाचवताना जॉनीच्या हातून त्यांच्यातल्या एकाचा खून होतो. त्यात शौर्याचा थाट कुठेही नाही. दोघं भेदरून पळतात. हिंटन अमेरिकेतल्या टल्सा शहरातली शाळकरी मुलगी होती. आजूबाजूच्या मुलांमधली गटबाजी बघून तिने पंधराव्या वर्षी हे लिहायला घेतलं. १९६७ साली पुस्तक आलं तेव्हा ती अठराची होती. मुलीचं नाव बघून समीक्षक पुस्तक बाजूला सारतील, म्हणून प्रकाशकांनी मुखपृष्ठावर नुसती आद्याक्षरं घातली. तुमच्या मुलीला आपल्याच वयाचं कुणीतरी बोलतंय असं वाटतं, त्याचं कारण हे. मला यात काळजीचं काही दिसत नाही, उलट मनापासून आनंद होतो. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या एका शाळेत हे पुस्तक इतकं आवडलं, की तिथल्या ग्रंथपाल बाई आणि मुलांनी दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना, यावर सिनेमा काढा, असं पत्र धाडलं. त्यांनी १९८३ मध्ये तो काढलाही.

एक मात्र तिला बजावा : वर्ग तिसऱ्या प्रकरणात आहे, शेवट कुणाला सांगायचा नाही. तिच्या मैत्रिणींनाही तो धक्का स्वतःचा स्वतः बसू दे. आणि तुम्ही स्वतः वाचा. 'यातून काय शिकलीस?' असं विचारू नका. डॅरीने मारलं ते तुला कसं वाटलं, असं विचारा आणि तिला बोलू द्या. ती तुमच्याशी वाद घालेल, घालू दे.

परीक्षा आटोपली की ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात तिला घेऊन जा. १८९३ पासूनचं आहे ते, आणि आपल्या घरापासून एका बसच्या अंतरावर. मिलिंद बोकील यांची 'शाळा' मागा. आणीबाणीच्या काळातला, नववीतला मुलगा तिथे स्वतःच्या तोंडाने बोलतो. पण ते सुट्टीत. तोवर पोनीबॉयचं दुसरं वाचन तिला निवांतपणे पुरं करू द्या.