सीप्लसप्लसच्या जुन्या प्रकल्पात बाहेरच्या लायब्ररी आणून देणारा पॅकेज मॅनेजर म्हणून व्हीसीपीकेजी जोडावं की कॉनन? आणि सीमेकला (कोड कसा बांधायचा ते ज्यात लिहितो त्या साधनाला) ते जोडायचं कसं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की टीम सहा जणांची आहे, अर्धा कोड सीमेकवर, अर्धा जुन्या व्हिज्युअल स्टुडिओच्या सोल्युशनमध्ये, आणि सीनिअर म्हणतात, ‘प्रत्येकाने आपापल्या मशीनवर एकदा इन्स्टॉल करा, प्रकल्पाला हात लावू नका.’ मी उत्तर लिहायला बसलो ते या शेवटच्या वाक्यामुळे. नाशिकला अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत हेच वाक्य मी तीन वर्षं ऐकलंय.

आधी मुद्द्याचं. व्हीसीपीकेजी घ्या, पण मॅनिफेस्ट मोडमध्येच. म्हणजे रेपोच्या (गिटमधल्या कोडच्या साठ्याच्या) मुळाशी व्हीसीपीकेजी डॉट जेसन, त्यात लायब्ररींची नावं आणि बेसलाइन. ही बेसलाइन म्हणजे व्हीसीपीकेजीच्या रेपोतला एक कमिट, म्हणजे एका क्षणाची नोंदवलेली स्थिती, चाळीस अक्षरांचा हॅश. त्या दिवशी ज्या आवृत्त्या होत्या त्याच सगळ्यांना मिळतात. सीमेकलिस्ट्समध्ये पॅकेज मॅनेजरचं नावसुद्धा येऊ देऊ नका, तिथे फक्त लायब्ररी शोधणारं फाइंड-पॅकेज. सीमेकला व्हीसीपीकेजीची ओळख करून देणारी टूलचेन फाइल बाहेरून द्यायची, प्रीसेटमधून, म्हणजे सीमेकच्या सेटिंगच्या फाइलमधून. सीमेक ती पहिल्या प्रोजेक्ट ओळीपाशी वाचतं. त्यानंतर सेट केली तर काही उपयोग नाही, आणि आधी एकदा कॉन्फिगर झालेलं असेल तर बिल्ड फोल्डर उडवूनच पुन्हा करा. निम्मे लोक इथेच दोन दिवस घालवतात.

आता ते ‘प्रत्येकाच्या मशीनवर एकदा’.

आम्ही द्राक्षांच्या पॅकहाउससाठी सॉफ्टवेअर करायचो. वजनकाटा आणि कॅमेरा जोडलेला, पनेटचं (द्राक्षांच्या छोट्या डब्याचं) वजन घ्यायचं आणि प्लॉटच्या नोंदणी क्रमांकासकट लेबल छापायचं. लेबल नाही तर पेटी पुढे सरकत नाही. चित्रांसाठी ओपनसीव्ही, मजकुराच्या मांडणीसाठी एफएमटी, लॉगसाठी एसपीडीलॉग, डेटाबेससाठी एसक्यूलाइट एवढ्या लायब्ररी. व्हीसीपीकेजी आमच्याकडे होतं, पण क्लासिक मोडमध्ये: ज्याने त्याने आपल्या मशीनवर क्लोन करायचं, ‘इंटिग्रेट इन्स्टॉल’ मारून त्या मशीनवरच्या व्हिज्युअल स्टुडिओला ते जोडायचं, झालं. मॅनिफेस्ट करू या असं मी दोनदा म्हणालो होतो. आमचे सर म्हणाले, चालतंय ना, मग कशाला.

फेब्रुवारी २०२२, ऐन सीझन. पिंपळगाव बसवंतजवळच्या पॅकहाउसमध्ये काट्याचं वजन अधूनमधून शून्य यायचं. दुरुस्ती दहा ओळींची होती. माझ्या मशीनवर बिल्ड केली, पेनड्राइव्हवर फक्त एक्झी घेतली आणि आग्रा रोडने बाइकवर निघालो. संध्याकाळी साडेसहाला पोहोचलो, एक्झी बदलली, डबल क्लिक केलं. प्रोग्रॅम उघडलाच नाही. एक छोटी खिडकी आली: प्रोसिजर एन्ट्री पॉइंट सापडत नाही, म्हणजे एक्झीला हवं ते फंक्शन लायब्ररीत नाही. खाली दोन ओळी भरून एक नाव, प्रश्नचिन्हं आणि ॲटच्या खुणांनी भरलेलं. मागे टेबलांपाशी कात्र्या हातात घेतलेल्या बाया थांबल्या होत्या, क्रेट वर क्रेट चढत होते. मालक दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा एवढंच म्हणाले, ‘इंजिनिअर, बाया बसून राहिल्यात.’

ते नाव मी अक्षर अक्षर वाचत गेलो. मधेच सापडलं: व्ही८, आणि त्याला लागून एफएमटी. एफएमटी आपल्या नेमस्पेसमध्येच, म्हणजे फंक्शनांच्या गटाच्या नावातच, आवृत्तीचा आकडा ठेवते, म्हणून फंक्शनच्या नावात तो उतरतो. माझ्या मशीनवर आठवडाभरापूर्वी दुसऱ्या कामासाठी अपग्रेड केलं होतं, तिथे ८ आली होती. पॅकहाउसच्या पीसीवरचं सेटअप सरांच्या मशीनवरून गेलेलं, तिथे ७. आणि डीएलएलचं (एक्झी चालताना वापरते त्या लायब्ररीच्या फाइलचं) नाव दोन्हीकडे तेच, एफएमटी डॉट डीएलएल. फाइलच्या नावावरून कोणालाही काही कळलं नसतं. शेवटी ऑफिसमधल्या सहकाऱ्याकडून अख्खा रिलीज फोल्डर मागवला आणि फोनच्या हॉटस्पॉटवर उतरवला. अडीच तास गेले.

सोमवारच्या मीटिंगमध्ये सर म्हणाले, ‘बघितलं? पॅकेज मॅनेजरचं लचांड नको. परत थर्डपार्टी फोल्डर करा.’ आणि तसं झालं, लायब्ररींच्या फाइल पुन्हा हाताने कॉपी करून एका फोल्डरात ठेवायला लागलो. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. दोष पॅकेज मॅनेजरचा नव्हता. तो प्रकल्पात नव्हता, माणसांच्या मशीनवर होता. बेसलाइन रेपोमध्ये असती तर माझ्याकडेही ७ च आली असती आणि ती एक्झी जशीच्या तशी चालली असती. थर्डपार्टी फोल्डरमध्ये तर आवृत्ती कुठेच लिहिलेली नसते. कोणीतरी कधीतरी एक डीएलएल बदलतो आणि सहा महिन्यांनी कोणाला आठवत नाही.

तुमचे सीनिअर बिल्डला वेळ लागतो म्हणतील. ओपनसीव्ही सोर्समधून बांधताना लागतो, खरंच लागतो. त्यासाठी बायनरी कॅश आहे, म्हणजे एकदा बांधलेलं साठवून ठेवायचं. ऑफिसच्या सर्व्हरवर एक शेअर्ड फोल्डर ठेवा, व्हीसीपीकेजी-बायनरी-सोर्सेस हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल तिकडे वळवा. एकाने बांधलं की बाकीचे पाच जण नुसतं उचलतात. मात्र सगळ्यांचा कंपायलर एकच ठेवा. एकाने व्हिज्युअल स्टुडिओ अपडेट केला की कॅशमध्ये ओळखीसाठी वापरला जाणारा हॅश बदलतो आणि त्याच्याकडे सगळं पुन्हा बांधलं जातं.

सोल्युशनवाल्या अर्ध्या कोडचं: प्रकल्पाच्या प्रॉपर्टीजमध्ये मॅनिफेस्ट चालू करता येतो. ‘इंटिग्रेट इन्स्टॉल’ टाळायचं असेल तर व्हीसीपीकेजीच्या प्रॉप्स आणि टार्गेट्स फाइल प्रकल्पात इम्पोर्ट करा.

कॉनन वाईट नाही. तुमच्या स्वतःच्या बंद लायब्ररी बायनरी रूपात चार टीमना वाटायच्या असतील तर कॉनन २ च घ्या. सहा जणांना त्याची गरज दिसत नाही.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. स्टॅटिक ट्रिपलेट (कोणत्या मशीनसाठी, कसं बांधायचं ते सांगणारी सेटिंग) घेतलात तर सीआरटीही, म्हणजे सीची मूळ रनटाइम लायब्ररीही, स्टॅटिक, एक्झीतच भरलेली येते. तुमचा प्रकल्प डायनॅमिक सीआरटीवर असेल तर लिंकर एलएनके २०३८ ही न जुळण्याची एरर देईल. अशा वेळी स्टॅटिक-एमडी ट्रिपलेट घ्या. आणि नुसती एक्झी नेणं ही माझी चूकच होती. बेसलाइन मुद्दाम पुढे नेली असती तर मॅनिफेस्ट असूनही तेच झालं असतं. विंडोजवर व्हीसीपीकेजी लागणाऱ्या डीएलएल एक्झीशेजारी आणून ठेवतं, तो फोल्डर अख्खा न्यायचा.

सीनिअरशी वाद घालू नका. त्यांच्या आणि तुमच्या मशीनवर ‘व्हीसीपीकेजी लिस्ट’ चालवा आणि दोन्ही याद्या छापून शेजारी ठेवा. मी त्या सोमवारी ठेवल्या होत्या. सत्तावीसपैकी अकरा लायब्ररींच्या आवृत्त्या वेगळ्या होत्या, मी त्या लाल पेनने अधोरेखित केल्या होत्या. टेबलावर कागद तसाच राहिला, कोणी उचलून पाहिला नाही. तुमचे सीनिअर कदाचित पाहतील.