उत्तर: डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी) एवढे हाय, मग न्यूमोनिया परत परत का?

ताई, तुम्ही लिहिलंय की डॉबरमन पिल्लू आठ महिन्यांचं, घरी आल्यापासून नाक गळतंय, दोनदा न्यूमोनिया झाला, अँटिबायोटिक चालू तोवर बरं आणि बंद केलं की पुन्हा सुरू, आणि डब्ल्यूबीसी वाढलेले बघून कोणीतरी म्हणालं इम्युनिटी मस्त आहे. ते आधी डोक्यातून काढा. सीबीसीत, म्हणजे रक्ताच्या साध्या तपासणीत, पेशी मोजतात, त्या काम करतात का हे त्यात कळत नाही.

डॉबरमनमध्ये तर हे मुद्दाम सांगायला हवं. १९८७ साली अमेरिकेत एकमेकांच्या जवळच्या नात्यातल्या डॉबरमन्सचा रिपोर्ट आला होता, सेम कहाणी, लहानपणापासून सर्दी आणि न्यूमोनिया. त्यांच्या न्यूट्रोफिल्स (जंतू गिळून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) जंतू गिळायच्या नीट, पण गिळल्यावर मारायला जो ऑक्सिजनचा मारा करावा लागतो तोच कमी पडायचा. म्हणजे चोर पकडून आत टाकला आणि कोठडीला कुलूपच नाही. आयरिश सेटरमध्ये वेगळाच घोळ असतो, सीडी १८ नावाचं प्रोटीन बिघडलेलं, त्यामुळे पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडूच शकत नाहीत, रक्तात काउंट लाखाच्या वर जाऊ शकतो आणि जखमेत पू मात्र धड होत नाही!

दुसरी शक्यता सिलियाची, पीसीडी (प्रायमरी सिलियरी डिस्कायनेशिया) म्हणतात. इथे पेशींचा दोष नाही, श्वासनलिकेतले बारीक केसच हलत नाहीत म्हणून शेंबूड-कफ वर सरकत नाही, न्यूट्रोफिल्स येतात, तिथेच मरतात आणि कफ अजून घट्ट होतो. ओल्ड इंग्लिश शीपडॉगमधलं जीन (सीसीडीसी ३९) २०११ मध्ये सापडलं, त्याची डीएनए टेस्ट आहे, पण ती टेस्ट डॉबरमनला लावून निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असं समजू नका, ते म्युटेशन त्या ब्रीडचं आहे. पीसीडीवाल्या साधारण निम्म्या कुत्र्यांत अवयव उलट बाजूला असतात, म्हणून जुना एक्सरे काढा आणि हृदयाचं टोक कुठे आहे ते बघा, उजवीकडे दिसलं की फिल्म उलटी लावली समजून सोडून देतात बरेच जण, तर लेफ्ट-राइटचा मार्कर पण तपासा.

नाकाची बायोप्सी करायची तर इन्फेक्शन आटोक्यात आल्यावरच, कारण जुन्या इन्फेक्शननेही सिलिया खराब दिसतात. न्यूट्रोफिलची फंक्शन टेस्ट ताज्या रक्तावर होते, सोबत निरोगी कुत्र्याचंही रक्त लागतं, नेहमीच्या लॅबला जमणारं काम नाही, व्हेटर्नरी कॉलेजात विचारा.

तोवर खोकला दाबणारं सिरप अजिबात नको, पीसीडी असेल तर कफ बाहेर काढायला खोकलाच उरलाय. सलाइनचं नेब्युलायझेशन आणि मग हाताची ओंजळ उपडी करून बरगड्यांवर हलकं थोपटणं, रोज. पुढचं अँटिबायोटिक कल्चर करूनच, म्हणजे कफातला जंतू लॅबमध्ये वाढवून त्याला कोणतं औषध लागू पडतं ते बघूनच. स्टेरॉइड कोणी सुचवलं तर आधी कारण विचारा. आणि ब्रीडरला फोन करून बाकीच्या पिल्लांची नाकं कशी आहेत विचाराच, तो टाळाटाळ करेल, पण एकाच वेताच्या दोघातिघांना हेच असेल तर डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं.