बँकेच्या नावाने आलेला ईमेल खरा की खोटा?

प्रश्न : ‘केवायसी अद्ययावत न केल्यास आजच खाते गोठवले जाईल’ असा ईमेल माझ्या बँकेच्या बोधचिन्हासह आला आहे. तो खरा आहे का, हे कसे ओळखावे?

उत्तर : बोधचिन्ह आणि पाठवणाऱ्याचे नाव कोणालाही हुबेहूब उतरवता येते, म्हणून त्यांवर विसंबू नये. संगणकावर लिंकवर क्लिक न करता केवळ माउसचा बाण नेल्यास तिचा खरा पत्ता दिसतो. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या केवळ बँकांसाठी राखीव असलेल्या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते. परंतु ही अक्षरे पत्त्याच्या मध्येच येऊन त्यांच्यापुढे आणखी शब्द आणि ‘डॉट कॉम’ असेल, तर ते संकेतस्थळ भलत्याच कोणाचे असते, आणि घाईत वाचणारा नेमका येथेच फसतो. ‘आजच’ हा शब्द त्या घाईसाठीच योजलेला असतो. माझ्या मते लिंक तपासत बसण्यापेक्षा बँकेचा पत्ता स्वतः टाइप करणे किंवा शाखेत विचारणे अधिक सुरक्षित आहे.

पासवर्ड किंवा ओटीपी आधीच दिला असल्यास लाज न बाळगता तत्काळ बँकेला कळवावे आणि पैसे गेले असल्यास १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः गोपनीय माहिती दिली असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, तर त्यानंतरचे बँकेचे असते.