नऊ गोलवाला घ्यायचा का पाचवाला?

प्रश्न : दादा, आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका मंडळाच्या फुटबॉल टीमचं बघतो. पुढच्या सीझनला एक स्ट्रायकर घ्यायचाय आणि पैसे एकाचेच जमलेत. पहिल्यानं गेल्या सीझनला 960 मिनिटं खेळून 9 गोल मारलेत, त्यातले 4 पेनल्टीचे. दुसरा बहुतेक वेळा सेकंड हाफला उतरायचा, त्याचे 430 मिनिटांत 5 गोल, पण त्यातले 3 एकाच मॅचमधले. आमचा एक पोरगा गॅलरीत बसून वहीत सगळं लिहितो. त्याच्या हिशेबानं पेनल्टी सोडून पहिल्याचे शॉट 41, त्यातले 28 बॉक्सच्या (गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनाच्या) बाहेरनं. दुसऱ्याचे 19, त्यातले 14 आतनं. कमिटीतली मोठी माणसं नऊ गोलवाल्याच्याच मागं लागलीत. काय करावं?

उत्तर : पहिल्यांदा त्या वहीवाल्या पोराला जपा, असा पोरगा पेठेत असणं म्हणजे अर्धं काम झालं. आता हिशेब. पेनल्टी बाजूला काढा, कारण मोठ्या लीगमध्ये चारातल्या तीन पेनल्टी आत जातात, म्हणजे ती मारायला कुणाला उभं करायचं हे ठरवण्यातच पाऊण गोल झालेला असतो. आता पहिल्याचे उरले 5 आणि दुसऱ्याचेही 5. मग मिनिटं बघा, 90 मिनिटांमागं पहिला 0.47 आणि दुसरा 1.05. इथं दुसऱ्यावर उडी मारावीशी वाटते, पण थांबा, तीन गोल एकाच मॅचचे आहेत, ते काढले तर तोही 0.42 वर येतो. एका मॅचनं आकडा अर्ध्याच्या खाली जात असेल तर त्या आकड्यावर व्यवहार करू नये.

म्हैस घ्यायला बाजारात गेल्यावर एका वेळच्या धारेवर कोण पैसे मोजतंय का? विकणाऱ्यानं आदल्या दिवशी पिळलीच नसली तर कास तट्ट दिसणारच, म्हणून जाणता माणूस दोन-तीन वेळा समोर पिळून बघतो. गोलांचं अगदी तसंच आहे. गोल ही फार थोड्या वेळा होणारी गोष्ट, साधारण दहा शॉटमागं एक, त्यामुळं एका सीझनच्या गोलांत नशिबाचा वाटा मोठा असतो. इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबनं जानेवारी 2012 ला पापिस सिसे हा स्ट्रायकर घेतला, त्यानं उरलेल्या सीझनला प्रीमियर लीगमध्ये 14 मॅचमध्ये 13 गोल ठोकले, लोकं वेडी झाली, आणि पुढच्या अख्ख्या सीझनला लीगमध्ये 36 मॅच खेळून 8. तो एका रात्रीत फुटबॉल विसरला नव्हता, आधीचे गोल त्याच्या चान्सच्या मानानं फार जास्त झाले होते.

म्हणून चान्स मोजायचे. ह्यालाच एक्सपेक्टेड गोल म्हणतात, बोलताना एक्सजी. अशाच जागेवरनं, अशाच कोनातनं, पायानं का डोक्यानं मारलेले हजारो जुने शॉट बघायचे आणि त्यातले किती आत गेले त्यावरनं ह्या शॉटची किंमत ठरवायची. बॉक्सच्या बाहेरनं मारलेले शंभर शॉट घेतले तर तीन-चार आत जातात, आतनं मारलेले पंधराच्या आसपास. हे मोठ्या लीगचे ठोकळ आकडे आहेत, शाहू स्टेडियमवर तसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण दोघांना एकाच मापानं मोजायला चालतात. तुमच्या वहीवरनं पहिल्याचे 28 बाहेरचे म्हणजे एक गोल आणि 13 आतले म्हणजे दोनच्या जवळ, मिळून तीन. दुसऱ्याचे 14 आतले आणि 5 बाहेरचे मिळून सव्वादोन. आता मिनिटं लावा. पहिला 90 मिनिटांत 0.28 गोलांचे चान्स मिळवतो आणि दुसरा 0.48 चे. पहिल्यानं तीनाच्या चान्सवर पाच मारलेत, लांबनं एक-दोन भारी बसलेत, आणि पेठेला तेच डोळ्यासमोर दिसतंय.

माझं मत दुसऱ्याला. पण 19 शॉट म्हणजे फार नव्हेत, आणि तो उतरतो तेव्हा समोरचे डिफेन्डर दमलेले असतात, त्यामुळं सगळीकडंच सबस्टिट्यूटचे आकडे जरा फुगलेले दिसतात. पैसे द्यायच्या आधी त्याला तीन सराव मॅच पहिल्या मिनिटापासनं खेळवा, आणि वहीत एवढंच बघा की तो बॉक्समध्ये पोचतोय का आणि साठाव्या मिनिटानंतरही पोचतोय का. गोल झाले नाहीत तरी घाबरू नका. मी स्वतः काही वर्षांमागं एका टीमला फक्त गोल बघून एक पोरगा सुचवला होता, त्याचे बरेचसे गोल दुबळ्या टीमवरचे होते हे मी तपासलंच नव्हतं. तो सगळा सीझन त्या पोराला लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या आणि चूक माझी होती, त्याची नव्हे. तेव्हापासनं गोल कुणावर मारलेत हा रकाना मी कधीच सोडत नाही.

कमिटीला पटवायचं असेल तर ब्रेंटफर्डचं उदाहरण सांगा. मॅथ्यू बेनहॅमचा हा लंडनचा क्लब पैशानं मोठा नव्हता, त्यांनी आकडेवारी धरून खालच्या डिव्हिजनमधली पोरं उचलली. ओली वॉटकिन्स 2017 ला चौथ्या पातळीवरच्या एक्सेटरहून आणला, पुढं त्याला बाजूवरनं मधोमध सेंटर फॉरवर्डला खेळवला आणि 2020 ला ॲस्टन व्हिलाला विकला. त्याच वर्षी पीटरबरोचा आयव्हन टोनी आणला, त्यानं चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या पातळीवरच्या लीगमध्ये, 31 गोल मारले आणि 2021 ला टीम प्रीमियर लीगमध्ये गेली.

प्रश्न : मॅचला वही घेऊन बसायचं तर नेमकं काय काय लिहायचं? लॅपटॉप लागतो का? (कागल)

उत्तर : लॅपटॉप नको. एका पानावर गोलपोस्ट आणि बॉक्स काढा, शॉट झाला की तिथं फुली मारा, गोल झाला की फुलीभोवती वर्तुळ काढा, हेड असेल तर बाजूला ह, शेजारी मिनिट. दुसऱ्या पानावर बॉक्समधले टच आणि दुसऱ्याला दिलेले चान्स. मोबाईल गॅलरीत वर टेकवून मॅच शूट केली तर घरी तपासता येतं, चालू मॅचला निम्मं निसटतंच. पुढं आवड लागली तर स्टॅट्सबॉम्ब ह्या आकडेवारीवाल्या कंपनीनं बऱ्याच मॅचचा डेटा फुकट दिलाय, त्यावर कॉम्प्युटरवर हात बसवता येईल.

फक्त एक सांभाळा, गोलांच्या आकड्याला भागायचं कशानं ते विसरू नका. इंग्लंडचे चार्ल्स रीप 1950 साली स्विंडनच्या मॅचला वही-पेन्सिल घेऊन बसले आणि पुढं वर्षानुवर्षं मॅच लिहीत गेले. त्यांना दिसलं की बहुतेक गोल तीन किंवा कमी पासच्या चालींतनं होतात, म्हणून त्यांनी सांगितलं, बॉल लांब मारा. पण मुळात बहुतेक सगळ्या चालीच तीन पासच्या आत तुटतात, मग गोलही तिथनंच जास्त येणार की! किती चालींमागं किती गोल हे बघितलं तर चित्र वेगळं निघतं. एवढ्या कष्टाची वही, आणि इंग्लंडमध्ये लांब बॉलवाल्यांना तीच कितीतरी वर्षं आधाराला मिळाली.

आणि वहीत न येणारी एक गोष्ट. एकदा गॅलरीत बसलेलो, डावीकडनं क्रॉस यायच्या आधी एका फॉरवर्डनं जवळच्या पोस्टकडं जीव तोडून पळ काढला, स्टॉपर (मधला डिफेन्डर) त्याच्या मागं गेला, बॉल दोघांच्याही डोक्यावरनं मागं पडला आणि मागच्यानं मोकळ्यात पाय लावला. नाचले सगळे गोलवाल्याभोवती. माझ्या पानावर त्या पळणाऱ्याचं एक टिंबही नव्हतं. तेव्हापासनं मी एक तिसरं पान ठेवलंय, 'जागा केली' असं वर लिहून.

प्रश्न : सर, माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, फॉरवर्ड खेळतो, अंगानं लहान आहे. निवड चाचणीत गोल झाला नाही म्हणून त्याला काढलं. दोन दिवस जेवला नाही. त्याचा जन्म नोव्हेंबरचा आहे. खेळ सोडू दे का? (उचगाव)

उत्तर : ताई, सोडू नका. वयोगट 1 जानेवारीपासनं धरतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेला पोरगा तुमच्या मुलापेक्षा दहा महिन्यांनी मोठा असून एकाच गटात खेळतो. तेराव्या वर्षी दहा महिने म्हणजे उंचीत, वजनात, पळण्यात केवढा तरी फरक, आणि त्यात कुणाची वाढ लवकर होते कुणाची उशिरा. जगभरच्या लहान वयाच्या टीममध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं जास्त निवडली जातात हे कितीतरी देशांत मोजलेलं आहे. ह्या वयाचे गोल बऱ्याचदा अंगाच्या जोरावर होतात, आणि बाकीच्यांची वाढ झाली की तो जोर उरत नाही. एका चाचणीतल्या गोलांवर तेरा वर्षांच्या पोराला काढणं मला अजिबात पटत नाही, आणि हे मी निवडणाऱ्यांनाही तोंडावर सांगतो.

तुम्ही स्वतः मैदानाच्या कडेला उभ्या राहून एक गोष्ट मोजा. बॉल त्याच्याकडं यायच्या आधी तो मान वळवून मागं बघतो का? नॉर्वेच्या गाइर यॉर्डेट यांनी मोठ्या खेळाडूंचे व्हिडिओ बघून हेच मोजलं, आणि जे आधी जास्त वेळा आजूबाजूला बघतात त्यांचे पुढचे पास जास्त बरोबर जातात असं त्यांना आढळलं. ह्याला उंची लागत नाही. दुसरं, पहिल्या टचला बॉल समोरच्या गोलकडं वळतो का आपल्याच गोलकडं. चार मॅच हे दोन्ही लिहा, तारखेसकट, आणि दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर त्याची उंची खूण करून ठेवा. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडनं फॉरवर्ड खेळला, हे त्याला जेवताना सांगा. आणि वही माझ्याकडं पाठवा, पुढच्या चाचणीच्या आधी मी ती नीट बघून कळवतो.