चेहऱ्यासाठी हार्मोनच्या गोळ्या घेऊ का?

प्रश्न : मी ५१ वर्षांची, ठाण्यात नौपाड्यात राहते. पाळी जाऊन दीड वर्ष झालं. श्रावणात जांभळी नाक्यावर बांगड्या भरायला गेले. नेहमीचंच माप, दोन-चार. तरी चढवताना मनगटाची साल निघाली. कासारीण म्हणाली, "ताई, कातडं पातळ झालंय तुमचं." चेहराही ओढल्यासारखा वाटतो. वाशीची मैत्रीण हार्मोनच्या गोळ्या घेते, चेहरा कसा तुकतुकीत! तिने एक स्ट्रिप मलाच दिली. सुरू करू का?

उत्तर : नाही. ती स्ट्रिप आधी परत करा.

कासारणीची नजर मात्र पक्की. आमच्यापेक्षा जास्त मनगटं तिच्या हाताखालून जातात. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन घटतं आणि पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलेजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं. तेलग्रंथीही मंदावतात, म्हणून ते ओढल्यासारखं वाटणं.

आता स्ट्रिप का नको? मैत्रिणीची गर्भपिशवी काढलेली असेल, तर तिला नुसतं इस्ट्रोजेन दिलेलं असू शकतं. तुमची पिशवी जागेवर असेल, तर तीच गोळी पिशवीचं अस्तर वाढवत नेते आणि त्यातून कॅन्सरचा धोका निर्माण होतो. अशा बाईला जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन द्यावंच लागतं. शिवाय स्तनाचा कॅन्सर, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ, यकृताचा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव, हे सगळं विचारल्याशिवाय मी कुणालाही ही गोळी लिहून देत नाही. मैत्रिणीने यातलं काय विचारलं?

आणि चेहऱ्याचं म्हणाल तर, हार्मोनने त्वचा थोडी जाड झाल्याचं काही अभ्यासांत दिसलंय. पण अमेरिकेतल्या 'कीप्स' चाचणीत नुकतीच पाळी गेलेल्या बायकांना चार वर्षं हार्मोन दिलं, तरी सुरकुत्यांमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मी स्वतः दोन वर्षं हार्मोनचं जेल लावलं, कारण रात्री घामाने चादर भिजायची. झोप लागायला लागली. डोळ्यांखालच्या रेषा होत्या तिथेच आहेत.

तुम्हालाही अंगातून वाफा येत असतील, झोप मोडत असेल, संबंधांच्या वेळी कोरडेपणाने दुखत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन हार्मोनचा विषय जरूर काढा. साठीच्या आत, पाळी गेल्यावर दहा वर्षांच्या आत सुरू केलं तर बहुतेक निरोगी बायकांना तोट्यापेक्षा फायदा जास्त असतो. नुसत्या गालांसाठी मात्र मी देणार नाही.

त्वचेसाठी सकाळी एसपीएफ ३० किंवा त्यावरचं सनस्क्रीन लावा, नुसतं चेहऱ्याला नव्हे तर हाताच्या मागच्या बाजूलाही लावायचं असतं हे सांगावं लागतं, कारण सगळ्याजणी चेहऱ्यावरच थांबतात. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. मिश्री लावत असाल तर ती बंद.

आणि गौरीला बांगड्या दोन-सहाच्या भरा.